गिनीपिगची आंघोळ आणि स्वच्छता

या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. संस्थेचा इतिहास आणि गावाची प्रगती यांवर अधिकारी मंडळी लिहीत आहेतच. आम्ही एक अगदी लहान विषय घेतला आहे. अलीकडे आमच्या उचगावातही काही घरांतून मुलांच्या हट्टाखातर गिनीपिग आणले जाऊ लागले आहेत. या प्राण्याला आंघोळ घालावी की नाही, आणि त्याला स्वच्छ कसे ठेवावे, एवढाच हा विषय. तो आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. एक जीव गमावल्यावर तो आमच्या गळी उतरला.

दोन वर्षांपूर्वी नातवंडांसाठी बेळगावहून गिनीपिगची एक जोडी आम्ही आणली. एक पांढरा, एक तपकिरी. शेजारच्या आजीबाईंनी त्यांना पाहून 'हे बिनशेपटीचे उंदीर कशाला आणलेत?' असा प्रश्न केला. पण आठ दिवसांत त्याही कोथिंबिरीच्या काड्या घेऊन येऊ लागल्या. श्रावण लागला. नागपंचमीच्या आधी आपल्याकडे घरोघर धुण्या-सारवण्याची धांदल असते, तशी आमच्याकडेही होती. सगळे घर धुतले, मग यांनीच काय पाप केले, असे मुलांच्या मनात आले. न्हाणीत बादली भरून, अंगाचा साबण लावून, मुलांनी दोघांनाही मानेपर्यंत बुडवून न्हाऊ घातले, पंचाने वरवर पुसले आणि सोप्यातल्या खोक्यात परत ठेवले. खोक्यातला भुसा ओलाच होता. बाहेर पावसाची झड लागलेली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याने अन्न सोडले, श्वास भरभर घेऊ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मुलांना आम्ही रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता; आंघोळ चालली होती तेव्हा आम्ही तेथेच पाटावर बसून कौतुकाने पाहत होतो. त्यानंतर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि उरलेल्या तपकिरी गिनीपिगची निगा राखून जे शिकलो, ते येथे मांडतो.

चूक कोठे झाली?

आपण शेतकरी माणसे. जनावर धुणे म्हणजे जनावरावर माया करणे, हे आपल्या हाडात मुरलेले आहे. बेंदराला बैलाला अंग चोळून धुतल्याशिवाय त्याच्या शिंगांना रंग लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी बांधव म्हशी धुऊन, सजवून, मोठ्या अभिमानाने रस्त्यातून पळवितात. मार्कंडेय नदीच्या पाण्यात डुंबणारी म्हैस आपण लहानपणापासून पाहत आलो. हे सारे योग्यच आहे. म्हशीची कातडी काळी व जाड, तिच्या अंगावर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाई-बैलांच्या मानाने पुष्कळ कमी. घामाने अंग थंड करणे तिला साधत नाही, म्हणून पाणी ही तिची गरज आहे.

गिनीपिगची गोष्ट याच्या नेमकी उलट. तो ना डुक्कर आहे, ना गिनी देशातला. तो कृंतक वर्गातला, म्हणजे उंदीर-खारीच्या गोतावळ्यातला प्राणी. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा थंड, उंचावरचा गवताळ मुलूख. तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले. पेरू देशात तो आजही खाण्यासाठी पाळला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि पुढे जगभर पसरला. पूर्ण वाढीचा गिनीपिग सुमारे 700 ग्रॅम ते 1200 ग्रॅम भरतो व चांगल्या निगराणीत पाच ते आठ वर्षे जगतो. एवढ्याशा देहावर दाट केस असतात. ते मुळापर्यंत भिजले की लवकर वाळत नाहीत, आणि लहान देहातली ऊब झपाट्याने निघून जाते. त्यात भीतीची भर पडते. ज्याचे सगळे शहाणपण पळून लपण्यात आहे, त्याला पाण्यात धरून ठेवणे म्हणजे त्याच्या दृष्टीने प्राणसंकटच होय.

घाण कशाला म्हणावे?

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते तसे नाही. मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि नंतरच्या वर्षांत तो आपल्या बेळगाव भागातही पोहोचला. गाव ओस टाकून रानात खोपी घालून राहिल्याच्या गोष्टी जुन्या माणसांकडून आपण ऐकल्या आहेत. हा रोग पसरतो कसा, याचा निकाल लागण्यात गिनीपिगचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या परळ येथे 1899 साली प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. 1925 पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. तेथे 1905 पासून प्लेग संशोधन मंडळाने प्रयोग केले. प्लेगने उंदीर मेलेल्या घरांत गिनीपिग सोडले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि त्यांना प्लेग झाला. पिंजरा जमिनीलगत ठेवला तर आतला गिनीपिग प्लेगने मरे. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगला तर वाचे. आणि ज्या खोलीत पिसवा मुळीच नव्हत्या, तेथे रोगी व निरोगी गिनीपिग मलमूत्राच्या घाणीत एकत्र ठेवूनही निरोग्यांना प्लेग झाला नाही.

या प्रयोगांत कित्येक मुके जीव गेले, तेव्हा कोठे माणसाला कळले की डोळ्यांना दिसते तीच घाण धोक्याची असते असे नव्हे. धोका नेमका कशात आहे ते ओळखून तेवढा काढणे, ही खरी स्वच्छता. गिनीपिग घरी पाळताना हाच धडा उपयोगी पडतो. आपल्याला जे घाण वाटते ते पुष्कळदा त्याच्या सोयीचे असते, आणि आपल्याला जे चालण्यासारखे वाटते ते त्याच्या जिवावर उठते.

दोन उदाहरणे देतो. पहिले असे. गिनीपिग मान वाकवून स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसला की मुले तोंड वाकडे करतात. पण ही नेहमीची कठीण लेंडी नव्हे. आतड्यात गवत आंबून तयार झालेले ते पोषक अन्न आहे. ते पुन्हा पोटात गेले तरच त्याला त्यातली जीवनसत्त्वे मिळतात. दुसरे उदाहरण डोळ्यांचे. त्याच्या डोळ्यांतून अधूनमधून दुधासारखा पांढरा द्रव येतो व तो पुढच्या पंजांनी तो तोंडावर फिरवितो. आम्ही पहिल्या दिवशी घाबरून डोळे पुसावयास गेलो. वस्तुतः हे त्याचे तोंड धुण्याचे पाणी आहे. थेंब पांढरा असून डोळा लगेच स्वच्छ दिसत असेल तर हात लावू नये. मात्र डोळ्याला चिपडे धरली, पापणी चिकटली किंवा डोळा लाल झाला तर तो आजार समजावा.

सारांश, निरोगी गिनीपिग जीभ, दात व पंजे यांनी स्वतःचे अंग स्वतःच साफ ठेवतो. त्याच्या अंगाला वास येऊ लागला तर तो वास बहुधा अंगाचा नसतो, त्याच्या घराचा असतो.

अंथरूण कोरडे, तर जनावर स्वच्छ

म्हणून पहिले काम खोक्याचे. ओल्या अंथरुणातले मूत्र कुजले की त्यातून अमोनियाचा उग्र वास सुटतो. आपण उभे असतो, आपल्याला तो थोडा जाणवतो. पण त्याचे नाक त्या अंथरुणापासून चार बोटांवर असते. त्याने छाती बिघडते. ओल्या किंवा तारेच्या जमिनीवर सतत बसून तळपायांना फोड व जखमा होतात, त्या बऱ्या होण्यास महिने लागतात. तेव्हा रोज सकाळी ओली जागा आणि लेंड्या काढाव्यात, आणि आठवड्यातून निदान एकदा सगळे अंथरूण बदलून खोके गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. फिनेल वापरू नये. त्याची वाफही त्याला बाधते. मूत्राचे पांढरे चुनखडीसारखे डाग बसतात, ते पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसले की निघतात. नंतर साध्या पाण्याने धुवावे.

अंथरूण कशाचे करावे? करवतीचा बारीक भुसा नाकात जातो, तो टाळावा. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर जुन्या वाकळेचा किंवा मऊ कांबळ्याचा धुतलेला तुकडा आणि लपण्याच्या कोपऱ्यात मूठभर वाळके गवत, ही व्यवस्था आमच्याकडे चांगली चालली आहे. भाताचे पिंजर घरोघरी असते, पण त्याची काडी ताठ. ती डोळ्यात टोचू शकते, आणि खाण्यासाठी तर त्यात कस कमी. खाण्यासाठी मऊ वाळके गवत चोवीस तास पुढे असावे. त्यानेच त्याचे सतत वाढणारे दात झिजतात व पोट चालते. आणि पोट नीट चालले तर मागचा भाग बरबटत नाही. पुष्कळांच्या गिनीपिगला आंघोळीची गरज पडते ती जास्त ओला भाजीपाला किंवा धान्य घालून पोट बिघडविल्यामुळे.

जागाही पुरेशी हवी. बुटांच्या खोक्याएवढ्या जागेत दोन गिनीपिग कोंडले तर ते स्वतःच्या घाणीतच बसणार. जोडीला किमान साडेसात चौरस फूट जागा द्यावी. हा प्राणी एकटा राहत नाही, म्हणून जोडी ठेवावी. पण दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर असावेत. नाहीतर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतात, आणि ती जन्मतःच केसाळ व डोळे उघडलेली असल्याने लगेच हिंडू लागतात.

आपल्याकडची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. उचगावचा पाऊस वाचकांना सांगावयास नको. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरचा हा पट्टा. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंतींना ओल येते आणि गवताला बुरशी धरते. बुरशीचे गवत जनावरापुढे टाकू नये. उन्हाळ्यातच गवत खडखडीत वाळवून पोत्यात भरून उंच माळ्यावर ठेवावे. खोके सोप्यात झडीच्या तोंडाला न ठेवता माजघरात, जमिनीपासून उंच, पण चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे. अंथरुणाचे तुकडे निदान चार असावेत, म्हणजे दोन वाळत असताना दोन वापरता येतात. साधारण 18 ते 24 अंश सेल्सिअस उष्णता त्याला मानवते. चैत्र-वैशाखात मात्र उलटी काळजी: बंद खोलीत किंवा पत्र्याखाली त्याला उष्माघात होतो. तेव्हाही गार पाणी ओतून आंघोळ घालू नये. सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी ठेवावे आणि ओल्या कापडाने कान व पाय हलके पुसून डॉक्टर गाठावा.

आंघोळ केव्हा, आणि कशी?

तर मग आंघोळ कधीच नको काय? असेही नाही. मूत्राने किंवा पातळ शौचाने अंग माखले, काही चिकट पदार्थ केसांना लागला, लांब केसांच्या जातीचे केस मागे गुंतून बरबटले, किंवा डॉक्टरांनी औषधी साबणाने धुण्यास सांगितले, तर धुवावे लागते. पण बहुतेक वेळा सगळे अंग धुण्याचे कारण नसते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने तेवढाच भाग पुसून काम भागते. आजारी, गाभण किंवा अगदी लहान गिनीपिगला डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिजवू नये.

पूर्ण आंघोळ घालावीच लागली तर पुढील क्रम पाळावा. कोरड्या दिवशी, दुपारी, दारे-खिडक्या लावून काम करावे. पसरट टोपात तळाला कापड अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. त्यात दोन बोटे खोल कोमट पाणी घ्यावे. तान्ह्या मुलाच्या आंघोळीचे पाणी आपण कोपराने पाहतो, तसेच पाहावे. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली धरून त्याला उतरवावे व सगळा वेळ एक हात अंगावर ठेवावा. पाणी मागच्या अंगावर हातानेच ओतावे. डोके, कान, डोळे भिजवू नयेत. माणसाचा साबण, शाम्पू, जंतुनाशक द्रव यांतले काहीही वापरू नये. लहान प्राण्यांसाठी मिळणारा सौम्य शाम्पू थेंबभर घ्यावा, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुवावे, कारण राहिलेला साबण तो चाटतो. पाच मिनिटांत काम उरकावे. मग कोरड्या कापडाने टिपावे, ते ओले झाले की दुसरे घ्यावे, मग तिसरे. केसांच्या मुळाशी बोट घालून पाहावे; मूळ कोरडे लागेपर्यंत त्याला खोक्यात सोडू नये. आमच्या पांढऱ्याला आम्ही दिले नाही ते हेच.

केस, नखे आणि इतर बारकावे

आखूड केसांच्या गिनीपिगला आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने विंचरले तरी पुरे. लांब केसांच्या जातींना रोज विंचरावे आणि मागचे केस जमिनीला टेकणार नाहीत इतके कापावे; ते केले तर आंघोळीची गरज फार कमी होते. नखे महिन्याने पाहावीत. वाढलेले नख वळून तळव्यात रुतते. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे टोक कापावे. काळे नख असेल तर मागून बॅटरीचा उजेड धरावा. चुकून रक्त आले तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे.

पाठीच्या अगदी शेवटी, जेथे शेपूट असावयाची तेथे, एक तेलकट ग्रंथी असते. नरांमध्ये तेथे चिकट काळसर थर जमतो. त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून थोड्या वेळाने कोमट ओल्या कापडाने पुसावे. वयस्क नरांच्या गुदद्वाराजवळच्या घडीत मळ साचून राहतो. तोही तेलाने मऊ करून हलक्या हाताने काढावा लागतो. हे काम मुलांकडे न देता मोठ्यांनी करावे.

खाज ही आंघोळीने बरी होत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. गिनीपिगच्या कातडीत शिरणारे सूक्ष्म किडे असतात. त्यांनी इतकी खाज सुटते की जनावराला झटके येतात. केस गोलाकार जाऊन खवले निघत असतील तर तो बहुधा नायटा. तो मुलांनाही लागतो. या दोन्हींवर औषध आहे, पण ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यावयाचे. गोठ्यात गाई-म्हशींच्या गोचिडांचे इंजेक्शन उरले आहे म्हणून त्यातले थोडे याला टोचणे, किंवा कुत्र्याचे पिसवांचे औषध चोपडणे, हा जिवाशी खेळ आहे. म्हशीच्या हिशेबातला एक थेंबही किलोभर जिवाला भारी पडू शकतो. पावसाळ्यात मागचा भाग ओला व घाण राहिला तर माश्या तेथे अंडी घालतात आणि अळ्या पडतात. म्हणून त्या दिवसांत तो भाग रोज पाहावा.

आणखी एक गोष्ट. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. 1907 साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग जडला, आणि त्या वाटेने पुढे या जीवनसत्त्वाचा शोध लागला. हे न मिळाले तर त्याचे केस राठ होतात, सांधे दुखतात, तो अंग साफ करणे सोडून देतो व मळकट दिसू लागतो. अशा वेळी मालक त्याला न्हाऊ घालतो; खरे पाहता त्याला हवी असते ढबू मिरचीची फोड आणि कोथिंबीर. रोज ताजी, धुतलेली व पुसून कोरडी केलेली द्यावी. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहावे. आजाराची खबर वजन घटण्यातून सर्वांत आधी मिळते.

समारोप

आमच्या तपकिरी गिनीपिगला आम्ही नंतर जोडीदार आणून दिला. मधल्या काळात पावसाळा एकदा येऊन गेला. त्यात दोघांपैकी एकालाही आंघोळ घातली नाही, आणि दोघेही स्वच्छ आहेत. रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी ओली जागा काढून कागद बदलण्याचे काम नातवंडे पाळीपाळीने करतात. त्यात बादलीभर पाण्याची मौज नाही, फोटो काढण्यासारखे काही नाही. पाहुणा आला तर त्याला ते दिसतही नाही. पहिले काही दिवस मुले कंटाळली. आता एखादे दिवशी कागद बदलावयाचा राहिला तर वर्गात आठवण होते, असे धाकटी सांगते.

ज्यांच्या घरी हा पाहुणा आला आहे किंवा येणार आहे, त्यांना आमची विनंती एवढीच की मुलांच्या हाती जीव देताना त्याच्या सवयीही समजावून द्याव्यात. म्हशीला नदी द्यावी, बैलाला बेंदराचे न्हाण द्यावे. गिनीपिगला कोरडे अंथरूण आणि पोटभर गवत द्यावे. श्रावणातल्या त्या दिवशी आमच्या घरी माया कमी नव्हती, माहिती नव्हती. ती इतर घरी वेळेवर पोहोचावी, म्हणून स्मरणिकेची ही पाने आम्ही अडविली.